विवाह क्रमांक चारचा शेरा

१ जानेवारी १९६७, रविवार

यंदा कंपनीने टाइम ऑफिसलाही डायरी दिली. आजवर ती फोरमनपासून वरच्यांनाच मिळे. साहेब म्हणाले, "कोंडीराम, सगळ्यांच्या वेळा लिहितोस, आता जरा स्वतःचंही लिही." माझ्याकडे लिहिण्यासारखं फार नाही. सहा दिवस गेटवर बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहितो आणि रविवारी लग्नं लावतो.

आज खराळवाडीत एकसष्टावं लावलं. त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, टाळ्या. एकवीस मिनिटं. मुहूर्त नाही, अंतरपाट नाही, हळद नाही. दीक्षा घेतल्यापासून मी लावलेल्या एकाही लग्नात जुन्यातलं काही शिरलेलं नाही. माझं रजिस्टर आहे: क्रमांक, तारीख, गाव, वर, वधू, मी पोचल्याची वेळ, विधीची वेळ, शेरा. कोणीही यावं आणि तपासावं.

लोकांनाही माझ्या वेळेची कदर आहे. कुठलंही बोलावणं आलं की त्या घरच्या बायका आवर्जून निरोप धाडतात, "गुरुजींना म्हणावं, घाई करू नका, साडेदहापर्यंत आलात तरी चालेल." बाकीच्या पाहुण्यांना सकाळी सहालाच बोलावतात असं ऐकतो.

१५ जानेवारी, रविवार

जाईची मावसबहीण केसरबाई आली होती. बरोबर तिचे वकील, अण्णासाहेब. केसरचं लग्न मीच लावलेलं, चाकणजवळच्या त्यांच्या गावी. नवरा किसन, म्हणजे माझा साडू, इथेच एका कारखान्यात मशीन सेटर आहे. तीन वर्षांपूर्वी तो केसरला भोसरीच्या खोलीवर सोडून गेला. पुढे पुण्यात एका नर्सबाईशी त्याने रजिस्टर लग्न केलं आणि फॉर्मवर लिहिलं, अविवाहित. केसरने कोर्टात दावा लावला आहे की मी याची लग्नाची बायको आहे असं जाहीर व्हावं. किसनचं उत्तर आलं: आमचं लग्न झालेलंच नाही, नुसते एकत्र राहत होतो.

मी म्हणालो, "झालेलं नाही कसं? मी लावलंय."

अण्णासाहेबांनी पेन काढलं. "लग्न म्हणजे काय, कोंडीराम?"

"दोघांची संमती आणि चार लोकांसमोर प्रतिज्ञा."

"हे तुमचं. आता कायद्याचं ऐका. वय बसलं पाहिजे, आधीचा जोडीदार हयात नको, नातं वर्ज्य नको. इथवर आपलं ठीक आहे. पुढे कायदा म्हणतो, दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. बौद्धही याच कायद्याखाली येतात. आणि रूढी म्हणजे जी फार काळ, खंड न पडता, सगळीकडे सारखी पाळली गेली ती. लग्न कधीचं?"

"१८ मे १९५८."

"आणि दीक्षा?"

"१४ ऑक्टोबर ५६." मी मनात मोजलं. "एकोणीस महिने, चार दिवस."

"एकोणीस महिन्यांची रूढी नसते." मग त्यांनी विचारलं, "जुन्यातलं काही झालं होतं का? हळद, अक्षता, फेरे? एवढं जरी सिद्ध झालं तरी दावा उभा राहतो."

"एकही नाही. मी स्वतः हजर होतो."

केसरने जाईकडे पाहिलं. जाई स्टोव्हची वात खालीवर करत होती. अण्णासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग तुम्हाला मी साक्षीला बोलावणार नाही."

निघताना केसर म्हणाली, "दाजी, मला त्येला तुरुंगात न्हाई घालायचा. परत नांदायला बी न्हाई जायचं. पर सा वर्सं त्येच्या घरात मी कोन व्हते, येवढं कोर्टानं सांगावं. पोरगी दुसरीत हाय माझी. तिला शाळंत कोन काय म्हनंल, त्ये तुमाला काय सांगू?"

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून उशिरा आलेल्याला वेळेवर लिहिता येत नाही.

२२ जानेवारी, रविवार

रजिस्टर काढून क्रमांक चार पाहिला.

"१८-५-५८. वर किसन, वधू केसर. पोचलो १०.४०. विधी ११.०५ ते ११.३०. शेरा: वधूचे तळवे पिवळे. विचारले असता आंब्याचा रस, असे सांगण्यात आले. जुने कोणतेही विधी नाहीत."

इतकं बारीक लिहिलेलं पाहून माझं मलाच बरं वाटलं. मे महिना, म्हणजे घरात रस असणारच. आमच्या लग्नात जाईचेही तळवे असेच पिवळे होते. विचारलं तर म्हणाली, झेंडूचे हार गुंफत होते. बायकांना स्वतःच्या लग्नातही कामाशिवाय चैन पडत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

किसन आला होता. त्याला ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनी सवय. आधी निवडणुकीच्या गप्पा झाल्या, मग कंपनीतला ओव्हरटाइम झाला, मग माझी तब्येत. शेवटी म्हणाला, "साडू, तुमी खरं बोलनारा मानूस. माझा वकील तुमाला साक्षीला बोलावनार हाय. रजिस्टर घिऊन या."

"मी तुझी बाजू घेणार नाही, किसन."

"बाजू कशाला? तुमी जेवढं बगितलं तेवढंच सांगा. तेवढंच."

मी विचारलं, "तुझ्या मनाला विचारून सांग. लग्न झालं होतं की नाही?"

तो नखांतलं ऑइल काढू लागला. "मला वाटत व्हतं झालं. वकील म्हनतो, न्हाई झालं." जाताना दारात परत म्हणाला, "बगितलं तेवढंच, बरं का."

जाईने त्याला चहा विचारला नाही. घरी आलेल्या माणसाला असं करणं बरं नव्हे, असं मी तिला सांगितलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लग्नाला आज दहा वर्षं झाली. जाईने पेटीतून फोटो काढून पुसला. देहूरोडच्या विहारातले वयस्क गुरुजी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. हार काय सुंदर होते! पांढऱ्या शेवंतीचे. पुण्याच्या मंडईतून पहाटे मी स्वतः तयार गुंफलेले आणले होते, दोन्ही.

संध्याकाळी शिरा केला होता.

२० मार्च, सोमवार

समन्स आलं. १७ एप्रिल, शिवाजीनगर कोर्ट. प्रतिवादीचा साक्षीदार म्हणून माझं नाव. प्रतिवादी म्हणजे किसन. मी कुणाचा साक्षीदार नाही, झाल्या गोष्टीचा आहे, हे समन्सवर लिहायला जागा नसते. आपलेच दात, आपलेच ओठ.

जाईने विचारलं, "तुमी काय सांगनार?"

"पाहिलं ते."

"आन जे न्हाई पाह्यलं?"

"मी नाही पाहिलं म्हणजे झालं नाही. मी वेळेवर हजर होतो."

"केसर बुडंल."

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं बोला आसं कुनी म्हनलं?" एवढं बोलून ती धुणं घेऊन नळावर गेली. धुणं सकाळीच झालं होतं.

२ एप्रिल, रविवार

सांगवीत बोलावणं होतं, गेलो नाही. मन लागत नाही. माझ्या खरेपणामुळे एका बाईचं लग्न मोडणार आणि मोडणारं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. "जुने कोणतेही विधी नाहीत." प्रत्येक पानावर अभिमानाने लिहिलंय. बरं, माझं लग्न तर एकोणीस महिन्यांतलंही नाही. दीक्षेनंतर चारच महिन्यांतलं. कायद्याने जाई माझी कोण? तिला हे बोललो नाही. उगाच घाबरेल.

१७ एप्रिल, सोमवार

अर्धी रजा टाकली होती, पूर्ण लागली. सकाळच्या लोकलने मी, जाई, केसर आणि तिची आई भिमाबाई असे एकाच डब्यात गेलो.

साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून मी बाहेर बाकावर. आत आधी केसर, मग भिमाबाई. भिमाबाई पाऊण तासाने बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेल्या. एरवी जावयाला बघून त्या उभ्या राहतात.

मग मला पुकारलं. किसनच्या वकिलांनी चार प्रश्न विचारले. लग्न तुम्ही लावलं? हो. हळद, अक्षता, फेरे पाहिले? नाही. हे रजिस्टर तुमचं? हो. यात जुने विधी नाहीत असं लिहिलंय? हो. ते खाली बसले. केसर मान खाली घालून बसली होती. किसनही.

अण्णासाहेब उठले.

"कोंडीराम, त्या दिवशी गावात किती वाजता पोचलात?"

"दहा चाळीस."

"त्याआधी मांडवात काय झालं?"

"काही नाही."

"कशावरून?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता, आणि मी टाइमकीपर.

"शेऱ्यातलं पहिलं वाक्य वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. पिवळे तळवे, आंब्याचा रस. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"रस आहे असं कोणी सांगितलं?"

"भिमाबाईंनी."

"त्याच भिमाबाईंनी मघाशी शपथेवर सांगितलंय की सकाळी देवक बसवलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, सूत गुंडाळून पाच फेरे झाले, आणि तुमची एस.टी. यायच्या आत सगळं झाडून काढलं. हे खोटं आहे, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

मागे कोणीतरी हसलं. मी जाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत नवल अजिबात नव्हतं.

"नाही सांगू शकत," मी म्हणालो.

"मग तळवे कशाने पिवळे होते?"

"हळदीने असावेत."

लिहून घेतलं गेलं. मी सही केली. वेळ दुपारी २.५०.

१८ एप्रिल, मंगळवार

काल परतीच्या लोकलमधलं राहिलं. भिमाबाई समोर बसल्या होत्या. देहूरोड, तळेगावकडे जाणारी माणसं उभी होती, त्यांच्यातून वाकून त्या म्हणाल्या, "जावईबापू, रागावला व्हय?"

मी तिकिटाचं टोक दुमडत राहिलो.

"आमाला काय ठावं, कुटलं लगीन टिकंल? तुमचं नवं, चांगलं, आमाला पटलेलं. दीक्षा आमी बी मनापास्नं घेतली. पर लेक परक्या घरी धाडायची म्हंजी जीव ऱ्हात न्हाई. बी-बियानं कसं दोन मडक्यात ठेवतो? एकाला किडा लागला तर दुसरं हाताशी. तसं दोनी केली."

"पण मला फसवलंत."

"न्हाई." त्या एकदम ताठ झाल्या. "तुमचं झाल्याबिगर कुनी बी पोरगी धाडली न्हाई. इचारा कुनाला बी. हळद लागू दे न्हाईतर फेरं हू दे, तुमी येऊन पंचशील म्हनस्तवर ती नवरी न्हवतीच आमच्या लेखी."

मला राग आला होता, हे इथे लिहून ठेवतो. चिंचवड आलं, उतरलो आणि सगळ्यांच्या पुढे चालत घर गाठलं.

२३ एप्रिल, रविवार

दिवसभर रजिस्टर वाचलं. एकसष्टपैकी तेवीस ठिकाणी माझाच शेरा आहे, तळवे पिवळे, किंवा कपाळ, किंवा कोपर. आणि कारणं! आंबा सहा वेळा. झेंडू नऊ वेळा. भजीचं बेसन. नव्या लुगड्याचा रंग. एके ठिकाणी कावीळ, आणि त्या मुलीची तब्येत कशी आहे म्हणून पुढच्या आठवड्यात मी कार्डही टाकलं होतं. उत्तर आलं होतं: आता बरी आहे.

उरलेल्या अडतीस ठिकाणी हात चांगले घासले असतील.

नऊ वर्षं, भोसरीपासून चाकणपर्यंत, सगळ्या बायकांची अळीमिळी गुपचिळी. त्यात माझी बायको प्रत्येक लग्नाला आदल्या दिवशी "मदतीला" जाणारी. मी जेवलो नाही. जाईने ताट झाकून ठेवलं आणि समजूतही घातली नाही.

७ मे, रविवार

दोन बोलावणी नाकारली. दोन्ही घरची माणसं टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. त्यांतला ज्योतीराम, फाउंड्रीतला, म्हणाला, "गुरुजी, तुमी न्हाई आलात तर लगीन पुढं ढकलावं लागंल."

"का? तुमच्या बायका लावतील की."

त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "बायकांनी लावून कसं लागंल?"

त्याने हे इतक्या सरळपणे विचारलं की मी त्याचं कार्ड दोनदा पंच केलं.

१२ जून, सोमवार

निकाल लागला. केसरबाई ही किसनची कायदेशीर पत्नी. जुने विधी साक्षीने आणि प्रतिवादीच्याच साक्षीदाराच्या समकालीन नोंदीने सिद्ध. ती समकालीन नोंद म्हणजे माझा आंब्याचा रस.

नव्या पद्धतीबद्दल एकच ओळ आहे: तिच्या वैधतेचा विचार करण्याचे कारण उरत नाही. माझ्या पंचवीस मिनिटांना चूकही म्हटलं नाही आणि बरोबरही नाही. हरलो असतो तरी इतकं लागलं नसतं.

अण्णासाहेब जिन्यात म्हणाले, "तोंड पाडू नका. लावत राहा आणि रजिस्टर सोडू नका. एक दिवस कोर्ट विचारेल, ही रूढी किती जुनी, खंड पडला का? तेव्हा तुमच्याच वह्या काढाव्या लागतील. पण त्यात जे आहे ते खरं असू द्या."

मी म्हणालो, "मी खरंच लिहितो."

"हो, लिहिता खरंच," ते म्हणाले. "फक्त विचारता दुसऱ्यांना."

केसरने निकालाचा कागद माझ्यापुढे धरला. "दाजी, माझं नाव कुटं हाय त्ये वाचा." मी वाचलं, केसरबाई, किसनची पत्नी. "परत वाचा." परत वाचलं. मग कागदाची घडी घालून तिने पोलक्यात ठेवली आणि तिथेच जिन्यात बसून रडली. किसन खाली सायकलशी उभा होता. तो वर आला नाही आणि तिनेही खाली बघितलं नाही.

१८ जून, रविवार

भिमाबाई थोरल्या मुलाच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आल्या. पुढचा रविवार, त्याच गावी. मी हो म्हणालो. का म्हणालो ते नीट सांगता येणार नाही. खंड पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

उठता उठता त्या म्हणाल्या, "धा चाळीसच्या गाडीनं या." मग माझ्याकडे बघून ओशाळल्या. "न्हाई, कवाबी या."

२५ जून, रविवार

जाई काल पुढे गेली. मी माझी नेहमीची गाडी धरणार होतो, पण स्टँडवर कळलं की ती रद्द आहे. लवकरची मिळाली. नऊ पाचला फाट्यावर उतरलो आणि सव्वानऊला गावाच्या तोंडाशी.

मांडवातून ओव्या ऐकू येत होत्या. जात्यावर म्हणतात त्या चालीवर, हळदीच्या. मी लहानपणी आईच्या तोंडी ऐकलेल्या. सरळ आत गेलो असतो तर सगळं डोळ्यांनी दिसलं असतं. पाय उचलला आणि खाली ठेवला. ओढ्याच्या मोरीवर जाऊन बसलो.

बसल्या बसल्या पुष्कळ विचार केला. या बायकांनी ते केलं ते जुन्याच्या हौसेने नव्हे. त्या घाबरल्या होत्या. आणि त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला कोर्टाच्या निकालाने शिकवलं. ही भीती जाईल तेव्हा ओव्याही आपोआप थांबतील. ते मी मांडवात घुसून, आरडाओरडा करून होणार नाही. मी येत राहिलो तर होईल.

कोणीतरी मला पाहिलं असावं. थोड्या वेळाने जाई चहा घेऊन आली. कपबशी पदराखालच्या हाताने धरली होती.

"पदर सोड," मी म्हणालो, "चहा सांडेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. पदर सोडला. तळवे पिवळेधमक.

"आत येता?"

"वेळ व्हायची आहे."

बरोबर दहा चाळीसला उठलो. मांडव झाडलेला होता. सगळ्या बायका ओळीने बसल्या होत्या, चेहरे कसे हजेरीला बसलेल्या शाळकरी मुलांचे. मी पंचशील सुरू केलं तेव्हा भिमाबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. एकही शब्द चुकला नाही.

संध्याकाळी घरी येऊन रजिस्टर भरलं. क्रमांक बासष्ट. पोचलो ९.१५. विधी ११.०० ते ११.२२. शेरा: वधूचे तळवे पिवळे. हळद. प्रतिज्ञा झाल्यानंतरच मुलगी सासरी गेली.

"जुने कोणतेही विधी नाहीत" हे वाक्य बासष्ट लग्नांत पहिल्यांदा लिहिलं नाही.

जाई मागे उभी राहून वाचत होती. अक्षरं जुळवून वाचते. तिने पानं उलटत उलटत अगदी पहिल्यापर्यंत नेली.

"आपलं कुटं हाय?"

"आपलं मी लावलेलं नाही. म्हणून यात नाही."

"लिवा की. उद्या तुमी न्हाई म्हनलात, तर मी कोर्टात काय दाखवू?"

हसत म्हणाली. पण रजिस्टरवरचा हात काढला नाही, आणि मला एकदम जानेवारीत स्टोव्हची वात खालीवर करणारी जाई आठवली. सहा महिने ती काय घेऊन वावरत होती, ते मी विचारलंच नव्हतं.

क्रमांक एकच्या आधीचं पान कोरं होतं. लिहिलं: २४-२-५७. वर कोंडीराम, वधू जाई. हार पांढऱ्या शेवंतीचे, वराने आणलेले. मग शेऱ्यापाशी थांबलो.

"झेंडू लिहू?" मी विचारलं.

तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, सकाळचे, साबणाने धुऊनही न गेलेले.

"तुमाला काय दिसतंय, त्ये लिवा."

हळद लिहिलं.